वैजयंताच्या नावावर

हे मी माझ्या नवऱ्यालासुद्धा सांगितलेलं नाही. फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेला माणूस — त्यांचं म्हणणं असं, की समोरचा खोटं बोलतोय हे त्यांना चेहऱ्यावरून कळतं. इतकी वर्षं मी समोर बसून जेवते आहे, त्यांना कळलेलं नाही. आईला सांगायचं राहिलं, ती गेली. म्हसवडला सिद्धनाथापुढे कितीदा हात जोडून उभी राहिले, तिथेही एवढं वगळून बाकी सगळं बोलले. जणू त्याला ठाऊकच नव्हतं.

तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. की ओळखता? तुम्ही सातारा-सांगलीकडचे शिक्षक असाल तर माझं एखादं प्रशिक्षण तुम्ही ऐकलं असेल. तसं असेल तर पुढचं वाचताना मी कोण हे तुमच्या लक्षात येईलच, आणि या विचाराने मी आत्ता लिहिता लिहिता थांबले होते. बघा, दुसऱ्याच परिच्छेदात भीती आली. माझ्याकडे सांगण्यासारखं दुसरं फारसं काही नाहीच.

मी जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेतली बाई. नोकरी लागली ती सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका वाडीवर. पुढे बदली करून घेऊन माहेरी, सांगली जिल्ह्यात आले. आता मिरजेजवळच्या एका गावात मुख्याध्यापिका आहे. यंदा एका संस्थेचा शिक्षकांसाठीचा पुरस्कार निघाला. त्याचा अर्ज आमच्या माने सरांनी आणला. माने सर आमच्या शाळेतले सगळ्यांत तरुण शिक्षक. उत्साह इतका, की त्यांच्याकडे नुसतं बघूनसुद्धा मला दम लागतो. अर्जात नेहमीचंच होतं — सेवा किती, शाळा कोणत्या, उपक्रम कोणते. आणि शेवटी एक कोरं पान. वर छापलेलं : माझे अध्यापनविषयक तत्त्वज्ञान. खाली बारीक अक्षरात : ही भूमिका ज्यातून घडली असा एक प्रसंग लिहावा. त्या विद्यार्थ्याचे स्वाक्षरीसह मनोगत जोडावे.

तत्त्वज्ञान! मला आधी हसूच आलं. उभा जन्म पाढे घोकून घेतले, नाकं पुसली, खिचडी चाखली, जनगणनेला दारोदार फिरले, निवडणुकीच्या पेट्या वाहिल्या — त्यात तत्त्वज्ञान कुठून आणायचं? माने सर म्हणाले, "मॅडम, मोबाईलला सांगा. दोन मिनिटांत लिहून देतो. सगळे तेच करतात." मी जरा ऐटीतच म्हणाले, माझं मी लिहीन. ती ऐट मला कशाच्या जोरावर होती, ते सांगतेच आता.

दुपारच्या सुट्टीत ऑफिसात दार लोटून बसले. पहिलं वाक्य लिहिलं — प्रत्येक मूल शिकू शकते. झालं. पुढे पेन सरकेना. तुम्हाला वाटेल सुचत नव्हतं. उलट पुढचं वाक्य काय असणार हे मलाच काय, दोन्ही जिल्ह्यांतल्या निम्म्या शिक्षकांना पाठ आहे. पुढे वैजयंताची गोष्ट यायला हवी. मी जिथे जाते तिथे ती सांगते. न सांगितली तर लोक मागून घेतात.

ती मी अशी सांगते. माण तालुक्यातली वाडी. पाऊस नाही, पीक नाही. बाप मेंढरं घेऊन सहा-सहा महिने कृष्णाकाठाला. मुलगी चौथीत आली तरी तिला वाचता येईना. मग मी बाजरीचे दाणे घेतले. पाटीवर मोठं अक्षर काढायचं, त्याच्या वळणावर तिला एकेक दाणा मांडायला लावायचा, मग डोळे मिटून त्यावरून बोट फिरवायला सांगायचं. बोटाला वळण कळलं, आणि बोटाकडून ते डोळ्याला कळलं. तपासणीला साहेब आले. त्यांनी पुस्तक मध्येच कुठेतरी उघडलं, आणि वैजयंताने ते पान घडाघडा वाचलं. साहेबांनी शेरेबुकात तिचं नाव घालून शेरा लिहिला. इथे मी थांबते, पाण्याचा घोट घेते. समोरच्या बायका पदराने डोळे टिपतात, पुरुष मान हलवतात.

तपासणी झाली होती, हे खरं. साहेब आले होते. शेरा आहे, अजूनही त्या शाळेच्या कपाटात असेल. पान घडाघडा वाचलं गेलं, तेही खरं. फक्त वाचणारी मुलगी वैजयंता नव्हती.

हुश्श. सांगून टाकलं. — नाही, अजून नाही सांगितलं. हे सोपं होतं. एवढंच असतं तर मी केव्हाच कुणाजवळ तरी बोलून मोकळी झाले असते. अवघड आहे ते अजून पुढे आहे, आणि मी तिथे जरा वळसा घालून जाणार आहे.

तेव्हाची पद्धत तुम्हाला माहीत नसेल तर सांगते. आमच्या वाडीच्या खाली दीड मैलावर दुसरी वाडी, तिथेही एकशिक्षकी शाळा. तपासणी आली की आम्ही शाळाशाळांमध्ये उसनवारी करायचो. नकाशा, घंटा, सतरंजी — आणि मुलं. आज तुमच्याकडे साहेब, तर आमची दोन हुशार मुलं तुमच्या वर्गात. पुढच्या महिन्यात आमच्याकडे, तर तुमची आमच्यात. ज्यांना येत नाही त्यांना त्या दिवशी घरी ठेवायचं आणि त्यांच्या नावावर ही पाहुणी मुलं उभी करायची. यात कुणाला काही गैर वाटत नसे. लग्नघरी शेजारची भांडी आणतात, तेवढंच ते सहज होतं. मला पहिल्यांदा सांगितलं ते एका ज्येष्ठ गुरुजींनी, आणि तेही काळजीपोटी. मी नवी होते, कायम झाले नव्हते, एकटी भाड्याच्या खोलीत राहत होते. येणारे साहेब कडक. आदल्याच आठवड्यात त्यांनी कुणाला तरी वर्गात मुलांसमोर झापलं होतं. मला रात्रंदिवस तेच दिसायचं — तेरा मुलं बघताहेत आणि मी मान खाली घालून उभी आहे.

तेरांपैकी बारा बरी होती. तेरावी वैजयंता. वैजू. पहिल्या ओळीत बसायची, शाळेची किल्ली आणायला धावत यायची, धडा मी वाचला की जवळजवळ सगळा तोंडपाठ म्हणायची. पण पुस्तकातल्या अक्षरावर बोट ठेवलं की गप्प. नजर माझ्या ओठांवर — मी काय म्हणते ते उचलायला. तिच्यासाठी मी काही वेगळं केलं होतं का? नाही. बारा बरी होती ना. एका मुलीपाठी कोण बसणार, असं मी म्हणत असे.

आदल्या दिवशी शाळा सुटताना मी तिला बाजूला घेतलं. उद्या येऊ नको म्हणाले. तिने विचारलं, "का वं बाई?" मी म्हणाले, तुला बरं नाहीये ना. ती माझ्याकडे बघतच राहिली. "बरी हाय की मी." मी म्हणाले, तरी नको येऊ. ती बरं म्हणाली आणि गेली. तिला सुट्टीचा आनंद झाला नव्हता, हे मला तेव्हाही दिसलं होतं.

आणि मग मी एक चूक केली. संध्याकाळी पाणी आणायला गेले तेव्हा वैजूची आई आडावर भेटली. साहेबांच्या चहाला चांगलं दूध हवं होतं. वाडीवर गाय दोघांकडेच, त्यातली एक वैजूच्या घरी. मी म्हणाले, उद्या अकराच्या सुमाराला अर्धा लिटर दूध शाळेत पाठवाल का? "आवं, त्यात काय, पाठवती की," ती म्हणाली. ते दूध घेऊन कोण येणार, हा विचार माझ्या डोक्यात आला नाही. घरात दुसरं होतंच कोण?

साहेब आले. खुर्चीवर बसले, हजेरी स्वतः घेतली. वैजयंताचं नाव घेतलं तेव्हा खालच्या वाडीची मुलगी उभी राहिली आणि "हजर" म्हणाली. अगदी धीट पोरगी. तिचं नाव आता मला आठवत नाही. साहेबांनी तिच्याच हातात पुस्तक दिलं. ती वाचत सुटली — थांबायचं तिथे थांबत, प्रश्नाला आवाज चढवत. साहेबांचा चेहरा निवळला. माझ्या जिवात जीव आला. मी भिंतीला टेकून पहिल्यांदा श्वास घेतला आणि दाराकडे पाहिलं.

वैजू दारात उभी होती. हातात दुधाची किटली. केसांना तेल, दोन वेण्या, लाल रिबिनी. आणि अंगात धुतलेला गणवेश. दूध द्यायला का होईना, शाळेतच जायचं होतं, म्हणून तिने तो घातला असणार. ती किती वेळ तिथे उभी होती? हजेरीपासून होती का? मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

साहेबांनी तिला बघितलं. "ही कोण? हिचं नाव नाही आलं."

आता इथे — इथून पुढे जायला मला अवघड जातं. कारण या क्षणी मला दुसरं काही बोलता आलं असतं. उशिरा आली म्हणता आलं असतं. आजारी आहे म्हणता आलं असतं. काहीच न बोलता नुसती गप्प उभी राहिले असते, तरी चाललं असतं. साहेब फार तर चार शब्द बोलले असते.

मी म्हणाले, "ती शाळेत नाही, साहेब. दूध घालायला येते."

साहेब म्हणाले, "अंगात गणवेश आहे की."

मी म्हणाले, "बहिणीचा आहे."

वैजूला बहीण नव्हती. वर्गातल्या बाराच्या बारा मुलांना ते ठाऊक होतं. त्यांच्यातलं एकही हललं नाही, हसलं नाही. वैजू माझ्याकडे बघत होती — धडा चालू असताना बघायची तशीच, माझ्या ओठांकडे. मग तिने किटली उंबऱ्याच्या आत नीट ठेवली, लवंडू नये म्हणून जरा सरकवली, आणि गेली. चहा पिताना साहेब दुधाची तारीफ करत होते. मीही हसून काहीतरी बोलले. काय बोलले, ते आठवत नाही.

दुसऱ्या दिवशी ती आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मुलं म्हणाली, "बाई, वैजी मेंढरांमागं जातीया आता." तिचं घर शाळेपासून हाकेच्या अंतरावर. मी गेले नाही. रोज ठरवायचे आणि रोज वाटायचं, तिने आईसमोर विचारलं तर? "मी शाळंत न्हाई म्हणालाव ते का?" असं विचारलं तर मी काय सांगू? आठवडाभराने किटली न्यायला तिची आई आली. दारातच उभी राहून म्हणाली, "बाई, पोरगी शाळंला येत न्हाई म्हणतीया. काय झालंय का इथं?" मी वह्या तपासत होते. वर न बघता म्हणाले, काही नाही, तिचं मनच नाही शिकण्यात. ती बाई किटली घेऊन गेली. तिने माझ्यावर विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? मी बाई होते.

वर्षाच्या शेवटी मी वैजयंताला चौथी पास केलं. शेरेबुकात साहेबांच्या हातचं लिहिलेलं होतं, की हिचं वाचन उत्कृष्ट आहे. तिला नापास कशी दाखवणार? हजेरी भरली, गुण भरले, दाखला तयार केला आणि एका मुलाबरोबर तिच्या घरी पाठवून दिला.

हे तिथेच संपलं असतं. पण पुढच्या मासिक बैठकीत साहेबांनी सगळ्या शिक्षकांसमोर मला उभं केलं. म्हणाले, माणच्या वाडीवर ही बाई मेंढरांमागच्या पोरीला असं वाचायला लावते, आणि तुम्ही काय करता? मग मला विचारलं, कसं केलंत? सांगा यांना. चाळीस-पन्नास माणसं माझ्याकडे बघत होती. खरं सांगायची भीती वाटली, म्हणून मी तोंडाला येईल ते बोलत गेले. सकाळीच खोलीवर बाजरी निवडत बसले होते, तेच तोंडात आलं. अक्षर काढायचं, दाणे मांडायचे, बोट फिरवायचं. तिथल्या तिथे, उभ्या उभ्या.

आणि आता जे सांगते ते ऐकून मला हसा किंवा काही करा — ती युक्ती चालते. दोन महिन्यांनी वडूजकडच्या एका गुरुजींनी मला गाठून हात जोडले. त्यांच्या वर्गात तीन वर्षं न वाचणारा मुलगा दाण्यांनी वाचायला लागला होता. मग आणखी कुणी तरी सांगितलं. मग मीही करून पाहिली. पुढच्या शाळांमध्ये मी त्या युक्तीने कितीतरी मुलं वाचती केली आहेत, यात काडीचं खोटं नाही. जिच्या नावावर ती युक्ती सांगते, तिच्यापुढे मात्र मी दाण्यांची मूठ कधी उघडली नाही. ती पाटीवर वाकली असती तर तिला आलं असतं. मला हे नक्की माहीत आहे, कारण तिच्यासारखी मी पुढे खूप पाहिली.

तर त्या कोऱ्या पानावर मी तीच गोष्ट लिहिली. दुसरं काय लिहिणार होते? नेहमीची होती, हात चालला. तिचं नाव चार ठिकाणी आलं. प्रत्येक मूल शिकू शकते, शिक्षकाने फक्त त्याची वाट शोधावी — असं शेवटचं वाक्य. माने सरांनी वाचलं, त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, आता फक्त वैजयंताताईंचं मनोगत जोडायचं. मी म्हणाले, कुठे शोधणार तिला, जगात कुठे असेल ती. राहू द्या.

चार दिवसांनी ते नाचतच ऑफिसात आले. "मॅडम, सापडली! लांब कुठं न्हाई, मिरजेतच हाय. दवाखान्यात कामाला. परवा येते म्हणाली." त्यांनी वाडीतल्या पोरांचा मोबाईलवरचा गट शोधून काढला होता.

ते दोन दिवस मी कसे काढले, विचारू नका. घास गिळवेना. यांनी विचारलं, तब्येत बरी नाही का? मी म्हणाले, ॲसिडिटी. रजा टाकावी असं वाटलं. अर्ज फाडून टाकावा असं वाटलं. माने सरांना बोलावून सगळं सांगावं असंही एकदा वाटलं, आणि मी त्यांच्या वर्गाच्या दारापर्यंत गेलेसुद्धा. ते मुलांना बाजरीचे दाणे वाटत होते. मी परत फिरले. ती येईल आणि बोलेल — एवढी एकच गोष्ट डोक्यात. एवढ्या वर्षांचं सगळं, सगळी प्रशिक्षणं, टाळ्या, माझं नाव, तिच्या एका वाक्यावर होतं.

ती आली. पस्तिशीतली बाई, दवाखान्याची निळ्या काठाची साडी, हातात केळ्यांची पिशवी. वाकून माझ्या पाया पडली. मला तिथून पळून जावंसं वाटलं. माने सरांनी तिला खुर्ची दिली, कागद-पेन घेऊन समोर बसले आणि म्हणाले, "ताई, मॅडमनी तुम्हाला बाजरीच्या दाण्यांनी वाचायला शिकवलं ना? तेच सांगा आम्हाला."

वैजूने माझ्याकडे पाहिलं. बाजरीचं ती पहिल्यांदाच ऐकत होती. मी डोळ्यांनी विनवलं का? विनवलं असेन. मी स्वतःला ओळखते.

"व्हय," ती म्हणाली. "बाईंनीच शिकिवलं."

माने सर भराभर लिहीत गेले. ती फार बोलली नाही, तेच विचारत होते आणि तेच लिहीत होते. इतक्यात बाहेर पोरांची मारामारी जुंपली. "ताई, एवढं वाचून सही करा, आलोच," म्हणून ते धावले. कागद तिच्यापुढे, पेन त्यावर. ती दाराकडे बघत हळूच म्हणाली, "बाई, मला सही येत न्हाई. दवाखान्यात मशीनवर आंगठा लावायचा आस्तो, समद्यांनीच. तवा कुणाला ठावं न्हाई."

मी कागद माझ्याकडे ओढला आणि खाली तिचं नाव लिहिलं. जरा वाकडंतिकडं, मुद्दाम. ती बघत होती. माने सर येईपर्यंत शाई वाळली होती.

तिला फाट्यापर्यंत पोचवायला मी गेले. माने सर येतो म्हणत होते, मी त्यांना येऊ दिलं नाही. रस्त्याने चालताना वाटलं, आता आम्ही दोघीच आहोत, आता ती काढणार. काढावं, असंही वाटत होतं. पण त्या दिवसाबद्दल ती एक शब्द बोलली नाही. तिने आईचं सांगितलं, मुलाचं सांगितलं. फाटा आला. आम्ही झाडाखाली उभ्या राहिलो आणि मग ती म्हणाली, "बाई, एक इचारू?"

मी हो म्हणाले असेन.

"आधी फरशी पुसायचं काम हुतं, त्ये बरं हुतं. आता वार्डातनं फायली न्याय लावत्यात. ह्या पेशंटची हिकडं, त्या पेशंटची तिकडं. मी खाटंवरनं, कागदाच्या रंगावरनं ध्यानात ठिवती. मागल्या महिन्यात दोन फायली आदलाबदल झाल्या. सिस्टरनं येळंवर बघितलं म्हणून. लय भ्या वाटतं बाई. कुणाचं काय झालं म्हंजी? साक्षरतेच्या बाई आल्या हुत्या आमच्या गल्लीत. त्येंनी माजा दाखला बघितला. म्हणल्या, तू चौथी पास हाईस, तुजं नाव यादीत बसत न्हाई. म्हणलं, बाईंनाच इचारावं. आता येईल का वं मला? शिकिवशीला का?"

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. नीट, साधं विचारत होती — लहानपणी किल्ली आणायला जाऊ का म्हणून विचारायची तसं. म्हणून तर ती आली होती. माझ्या अर्जासाठी नव्हे. एवढ्याचसाठी तिने 'व्हय' म्हटलं होतं का? तेही मला ठाऊक नाही.

अर्जाच्या त्या पानावर मी काय लिहिलं होतं, ते मला पाठ होतं — प्रत्येक मूल शिकू शकते. माझ्या गावापासून मिरज वीस मिनिटं. रविवारी तिला सुट्टी असते, तेही तिने सांगितलं. मला शिकवता येतं. दोन महिन्यांत तिला पेशंटचं नाव वाचता आलं असतं, हे मी छातीठोक सांगू शकते. आणि माझ्या डोक्यात आलं ते असं — ही दर रविवारी माझ्याकडे पाटी घेऊन बसली, आणि माने सरांनी बघितलं तर? शेजारणीने विचारलं तर? यांनी विचारलं, ही तुझी ती वैजयंता ना, ती तर वाचत होती — तर?

मी म्हणाले, "बघू. मी फोन करते तुला."

गाडी आली. मिरजेची पाटी गाडीच्या काचेवर समोरच होती. तिने कंडक्टरला विचारून खात्री करून घेतली आणि चढली. खिडकीतून तिने हात केला. मीही केला.

अर्ज गेला. परवा संस्थेचं पत्र आलं, माझी निवड झाली आहे. माने सरांनी शाळेत पेढे वाटले. यांनी पत्र फ्रेम करायला टाकलंय.

मी तिला फोन केला नाही. तिचे आतापर्यंत चार आले. नाव उमटतं, मोबाईल हातात असतो, आणि तो थांबेपर्यंत मी बघत बसते. ती अजून वॉर्डातून फायली नेते आहे.